एका हाताची बंदूक

थर्मन पिकेन्सचा डावा हात गेला तो भाताच्या सुगीत. आमच्याकडे सप्टेंबरात भात कापून वाळवणीच्या कोठारांत आणतात आणि तिथली सगळी यंत्रं थर्मनच्या ताब्यात असायची. दाणे वर चढवणारा मळसूत्री दांडा अडकला म्हणून त्याने झाकण उघडून आत हात घातला, आणि वरच्या मजल्यावर कुणीतरी बटण दाबलं. कोपराच्या चार बोटं खाली डॉक्टरांनी हात कापला. तिसऱ्या दिवशी मी हॉस्पिटलात गेलो, तर औषधाच्या गुंगीत त्याने मला पहिला प्रश्न विचारला तो असा, की उत्तरेकडची छोटी बदकं तलावांवर उतरली का.

मी बर्ल हॅचर. सायप्रस फेरी गावातल्या हार्डवेअर दुकानात बंदुकांचं काउंटर एकवीस वर्षं मीच बघतो. थर्मन आणि मी शाळेत एका बाकावर होतो आणि तेव्हापासून शिकारही एकत्र केली. थंडीत नदीचं पाणी ओकच्या जंगलात शिरतं, झाडं मांडीभर पाण्यात उभी राहतात आणि त्यांच्यामधून हिरव्या डोक्याची मोठी बदकं खाली उतरतात. ते झालं की एप्रिलात टर्की, म्हणजे पिसारा फुलवणारा मोठा रानपक्षी. बाकीचं वर्ष आम्ही या दोन मोसमांच्या मध्ये काढायचो, असं माझी बायको म्हणायची ते खोटं नव्हतं.

जानेवारीत तो दुकानात आला. बाही दुमडून सेफ्टी पिनने टाचलेली. मला वाटलं गप्पा मारायला आलाय. पण तो सरळ काउंटरशी आला आणि सेमी-ऑटोमॅटिक बंदुका दाखव म्हणाला.

त्याचं कारण उघड होतं. आजवर तो बापाची जुनी पंप बंदूक वापरायचा. तिच्यात एक बार झाला की पुढची मूठ डाव्या हाताने मागे ओढायची, रिकामं काडतूस बाहेर पडतं, मग मूठ पुढे ढकलली की नवीन आत बसतं. आता ती मूठ ओढायला हातच नव्हता. सेमी-ऑटोमॅटिक हे काम स्वतःच करते. बार उडाला की जुनं काडतूस फेकते, नवीन घेते, तुम्ही फक्त चाप ओढायचा.

खरं सांगायचं तर त्याने हा नाद सोडावा असंच मला वाटत होतं. वाईट वाटत होतं म्हणून, आणि भीतीही वाटत होती म्हणून. मी कपाटातून एकबारी बंदूक काढली. हलकी, स्वस्त, मोडून एक काडतूस घालायचं, झालं.

"एकच बार उडवून गप्प बसायचं असेल तर मी मासे धरीन," तो म्हणाला. "ती ठेव आत."

मग त्याने काय हवंय ते सांगितलं. टर्की आणि बदकं, दोन्हीला एकच बंदूक, दोन घ्यायची ऐपत नाही. नुकसानभरपाईचे कागद वकिलाकडे अडकलेले, तेव्हा सहाशे डॉलरच्या वर तो एक पैसा देणार नव्हता. बारा बोअरच हवी, कारण बदकांवर कायद्याने पोलादी छरे वापरावे लागतात आणि ते हलके असतात, वीस बोअरच्या अरुंद नळीत पुरेसे मावत नाहीत. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे ती त्याला एकट्याला, एका हाताने, कुणाची मदत न घेता भरता आली पाहिजे.

"आणि रिकामीही करता आली पाहिजे," तो म्हणाला. "भरण्यापेक्षा ते जास्त महत्त्वाचं."

त्या दिवशी तो दोन तास काउंटरसमोरच्या स्टुलावर बसला होता. मी एकेक बंदूक द्यायचो, तो दस्ता मांडीवर आणि नळी वरच्या दिशेला ठेवून ती गुडघ्यांत धरायचा आणि सरावाची खोटी काडतुसं भरून बघायचा. पहिल्या बंदुकीचं बटण पलीकडच्या बाजूला होतं, तिथे त्याचं बोट पोचेना. दुसरीची खालची झडप इतकी कडक की अंगठ्याची साल निघाली. तिसरी छान होती, पण नऊशेची. चौथीचा खटका म्हणजे चाप अडवून ठेवणारं बटण डावऱ्यांच्या सोयीचं होतं. दुकानात खिळे-पाइप घ्यायला आलेले लोक थबकून बघत होते. एकजण म्हणाला की थर्मन, तुझं लग्न ठरवायलासुद्धा एवढा वेळ लागला नव्हता. थर्मनने मान वर न करता सांगितलं, की तेव्हा समोर मेव्हिस एकटीच होती, निवडायचं काही नव्हतंच.

एक गोष्ट त्या दिवशी नक्की झाली. काही बंदुकांमध्ये पहिलं काडतूस खालून सरकवलं की ते आपसूक थेट नळीत जाऊन बसतं. बाकीच्यांमध्ये ते वरच्या खिडकीतून घालून वेगळं बटण दाबावं लागतं. दोन हातांच्या माणसाला हा फरक कळतही नाही. मी तो गिऱ्हाइकांना कधी सांगितलाही नव्हता. थर्मनने मात्र तो पहिल्या अर्ध्या तासात हेरला आणि ज्या बंदुकांत ही सोय नव्हती त्या सगळ्या बाजूला सारल्या. उरल्या तीन.

याच सुमारास रॉयस केलमचं प्रकरण झालं. ज्या जंगलात आम्ही आठजण बदकं मारायचो ते रॉयसच्या मालकीचं. वय अडुसष्ट, सरळ माणूस, दिल्या शब्दाचा पक्का. शिकारीला जायची नाव त्याची, कुत्रा त्याचा, कोण कुठे उभं राहणार हे ठरवणार तोच. त्याने मला निरोप द्यायला सांगितलं, की पुढच्या मोसमात थर्मनने नावेत यायचं नाही. मी म्हटलं, हा निरोप मी देणार नाही. तेव्हा त्याने स्वतः थर्मनला गाठलं, आमच्याच दुकानाच्या पायऱ्यांवर.

"थर्मन, तुझ्याबद्दल माझ्या मनात काही नाही," रॉयस म्हणाला. "पण माझ्या भावाचा पाय नावेतच गेला. बंदूक घसरली होती. मी ते रक्त बघितलंय. एका हाताने बंदूक सांभाळणारा माणूस मला नावेत नको."

थर्मनने विचारलं, "मिस्टर रॉयस, काय करून दाखवलं तर तुमची खात्री पटेल?"

"पटणार नाही."

"बरं," थर्मन म्हणाला. एवढंच. मग तो आत आला आणि उरलेल्या तिघींपैकी कोणती आधी उडवून बघायची ते विचारायला लागला. मी काही सांत्वनाचं बोलायला तोंड उघडलं, तर त्याने मला छऱ्यांच्या पेटीची किंमत विचारली.

तिघींपैकी दोन एकाच जातीच्या होत्या, आणि त्यांतली दुकानात सगळे जिची शिफारस करायचे तशीच एक बंदूक माझ्याकडे घरी होती. ती जात धक्क्यावर चालते. बार उडाला की सगळी बंदूक मागे येते, आतला जड लोखंडी ठोकळा मात्र जागीच राहतो, आणि त्या फरकाने एक स्प्रिंग दाबली जाऊन पुढचं काम होतं. हलकी असते, आत काजळी जमत नाही, चिखलपाण्यात बरी. मी ती त्याला वापरून बघायला दिली.

त्याने बंदुकीसाठी एक पकड बनवली होती. ॲल्युमिनियमचा वाडगा, आतून मेव्हिसने शिवलेलं मऊ कातडं. तो वाडगा बंदुकीच्या पुढच्या मुठीला स्क्रूने बसवायचा, कापलेला हात त्यात घालायचा आणि वरून पट्टा आवळायचा. म्हणजे हात आणि बंदूक एक झाले. कोठारांच्या मागच्या बांधावर आम्ही गेलो. पहिला बार नीट. दुसऱ्याला रिकामं काडतूस खिडकीत अडकून उभं राहिलं. तिसरा नीट, चौथ्याला पुन्हा अडकलं. पाचव्याला आतलं काहीच हललं नाही.

मी म्हटलं, जाऊ दे, तुझ्या नशिबात नाही. माझ्या तोंडून गेलं खरं. त्याने माझ्याकडे असं बघितलं, की मी काडतुसांची टरफलं वेचायला खाली वाकलो.

बंदूक तो घरी घेऊन गेला आणि दहा दिवस त्याचा पत्ता नव्हता. मेव्हिसचा फोन आला. म्हणाली, स्वयंपाकघराच्या टेबलावर तुझी बंदूक सुटी पडलीय, जेवण आम्ही मांडीवर ताट घेऊन करतोय, पण तू परत मागू नकोस. हॉस्पिटलातून आल्यापासून तो पहिल्यांदाच रात्रभर झोपतोय.

रविवारी चर्चनंतर तो मला आवारातच भेटला. जवळपास खूश दिसत होता.

"दोष तुझ्या बंदुकीचा नाही," तो म्हणाला. "ती मागे आली तर चालते. आणि मी तिला मागे येऊच देत नाही. वाडग्याचं वजन, वर माझ्या हाताचं वजन, तेही पट्ट्याने आवळलेलं. बिचारी हलणार कशी? टर्कीला तर पाठ झाडाला टेकून बसायचं. म्हणजे मागूनही वाट बंद."

एकवीस वर्षं मी त्या बंदुका विकल्या. हे मला ठाऊक नव्हतं. तो यंत्रांचा माणूस, त्याने टेबलावर मांडून शोधून काढलं.

मग उरली ती दुसऱ्या जातीची, वायूवर चालणारी. तिच्यात बाराचा थोडा वायू नळीच्या एका छिद्रातून खाली येतो आणि दट्ट्या मागे ढकलतो. बंदूक हलो न हलो, तिचं काम होतं. शिवाय खांद्याला दणका कमी बसतो, एका हाताच्या माणसाला तेही हवंच. तोटा असा की ती पाऊण पौंड जड, आणि आत काजळी धरते म्हणून वरचेवर साफ करावी लागते. माझ्याकडे तशी एक होती, तुर्कस्तानात बनलेली, पाचशे एकोणपन्नास डॉलरला. पाण्याने गंजू नये म्हणून वरून खाकी मुलामा दिलेला. दिसायला काही खास नाही. नळीच्या तोंडात बसवायच्या तीन चोक-नळ्या सोबत, म्हणजे टर्कीसाठी छरे घट्ट ठेवणारी आणि बदकांसाठी मोकळी, दोन्ही सोयी एकीतच. पहिलं काडतूस खालून सरकवलं की नळीत जायचं. थर्मनने ती गुडघ्यांत धरली, भरली, रिकामी केली, परत भरली. सतरा वेळा. मी मोजलं, कारण मला दुसरं काही काम नव्हतं.

"टर्की मारायला तुर्की," मी म्हटलं.

"हा विनोद तू किती गिऱ्हाइकांना ऐकवलायस?"

"सगळ्यांना."

त्याने बापाची पंप बंदूक गाडीतून आणली आणि काउंटरवर ठेवली. तिचे काय येतील ते मी सांगितलं, उरलेले त्याने रोख दिले. मला वाटलं होतं तो जुन्या बंदुकीवरून एकदा तरी हात फिरवील. त्याने कागदावर सही केली आणि नवीन खोकं काखेत मारून निघाला. दारात थांबून एवढंच म्हणाला, की तिची मूठ जरा सैल आहे, घेणाऱ्याला सांग.

वाडग्याचा पट्टा मात्र मेव्हिसने काढायला लावला. ती एका संध्याकाळी शिवण करताकरता सहज म्हणाली, "आणि पाण्यात पडलास तर? बंदूक हाताला बांधलेली, एकच हात मोकळा. सोडवणार कोण?"  दुसऱ्या दिवशी थर्मनने वाडगा कापून त्याची उघडी खोबण केली. हात वरून नुसता टेकायचा, कधीही उचलता येईल असा. पकड थोडी कच्ची झाली, पण तो बंदुकीला बांधलेला राहिला नाही. रॉयस जे बोलला होता त्याचं खरं उत्तर हेच होतं असं मला आजही वाटतं, आणि ते मेव्हिसने दिलं.

मार्चभर तो बांधावर कागद लावून सराव करत होता. चाळीस पावलांवर मोठा खाकी कागद, मध्ये टर्कीच्या डोक्याएवढा ठिपका. पहिल्या दिवशी सगळे छरे वीतभर खाली आणि डावीकडे गेले, कारण खोबणीत टेकलेला हात नळीला खाली ओढत होता. त्याने दस्त्याच्या जोडात पातळ चकती घालून दस्ता उचलला. मग छरे उजवीकडे. पुन्हा चकती बदलली. टर्कीची काडतुसं महाग असतात, म्हणून तो आधी साध्या काडतुसांनी दिशा बसवायचा आणि शेवटची दोनच खरी उडवायचा. महिनाअखेरीस ठिपक्याभोवती छऱ्यांची दाट चाळण व्हायला लागली. तो कागद त्याने मला आणून दाखवला आणि मी तो काउंटरमागे लावू का विचारलं, तर नको म्हणाला. कागदावर कुणीही मारतं.

एप्रिलात मोसम सुरू झाला. पहिल्या सकाळी मी त्याच्या मागे दहा पावलांवर झुडपात बसलो होतो. लाकडी पेटी घासून मी मादीचा आवाज काढत होतो. नराने दरीपलीकडून उत्तर दिलं आणि अर्ध्या तासात तो आला, पिसारा फुलवून, पण उजवीकडून. थर्मन झाडाला टेकून गुडघ्यावर बंदूक ठेवून बसलेला. दोन हात असते तर त्याने अंग न हलवता नळी उजवीकडे फिरवली असती. आता आखूड डावा हात खोबणीत टेकलेला, तो तेवढा पुरेना आणि त्याला फिरताच येईना. वीस पावलांवरून पक्षी चालत निघून गेला आणि आम्ही दोघं दगडासारखे बसून राहिलो.

मला वाटलं आता वैतागेल. त्याने उठून आधी बंदूक रिकामी केली, मग त्या झाडाकडे बघितलं, मग पायवाटेकडे. म्हणाला, चूक जागेची होती. उजव्या हाताला उतार हवा, म्हणजे पक्षी तिकडून येणारच नाही. पुढचे तीन दिवस आम्ही टर्कीऐवजी झाडंच शोधत हिंडलो. माझ्या रजा संपत आल्या होत्या आणि पायांत गोचिडी भरल्या होत्या, हे मी त्याला एकदा ऐकवलं. त्यावर त्याने गोचिडी दोन हातांनी काढता येतात हे माझं भाग्य असल्याचं सांगितलं.

पाचव्या सकाळी जागा बरोबर होती. उजवीकडे खोल नाला, समोर मोकळं गवत. नर समोरूनच आला. तीस पावलांवर थांबला आणि मान उंच केली. थर्मनने बार टाकला. मला मागून दिसलं ते एवढंच, की पक्षी कोलमडला आणि लगेच उठून पळत सुटला, एक पंख लोंबत. छरे थोडे मागे बसले होते. जखमी पक्षी नाल्यात उतरला तर सापडत नाही आणि झुडपात पडून मरतो. थर्मनचा हात खोबणीतून उडाला होता, पण त्याने तो परत टेकवला, नळी पक्ष्यापुढे नेली आणि दुसरा बार टाकला. टर्की नाल्याच्या काठावर पडली. पहिल्या आणि दुसऱ्या बारामध्ये दोन सेकंदसुद्धा गेले नसतील.

मी धावत गेलो. तो बसूनच होता. त्याने आधी खटका लावला, मग उरलेलं काडतूस काढून खिशात टाकलं, मग डोकं झाडाला टेकवून डोळे मिटले.

"पहिला वाईट गेला," तो म्हणाला.

"पडली ना?"

"पडली. पण वाईट गेला."

वीस पौंडांची टर्की त्याने स्वतः उचलली. पाय दोरीने बांधून खांद्यावर टाकली. गाडीपर्यंत दीड मैल होता. मी बंदूक धरली, ती त्याने धरू दिली, पण पक्षी मागितला तर दिला नाही.

ही गोष्ट मी रॉयसच्या कानावर घातली. त्याने नीट ऐकून घेतली, किती पावलांवरून, कोणते छरे, सगळं विचारलं. शेवटी म्हणाला, "चांगलं झालं. पण जमीन हलत नाही, बर्ल. नाव हलते." नोव्हेंबरात आठजणांची बैठक झाली आणि थर्मनच्या जागी एक नवीन माणूस घेतल्याचं रॉयसने सांगितलं. मी उठून माझीही जागा दुसऱ्याला द्या म्हणालो. भांडण नाही झालं. एकवीस वर्षं त्या झाडांत उभा राहिलो होतो. कोणत्या ओकचा बुंधा कुठे पोकळ आहे ते मला डोळे मिटून सांगता आलं असतं. गाडीत बसल्यावर थोडा वेळ किल्ली फिरवली नाही एवढंच.

थर्मनला कळलं तेव्हा तो चिडला. माझ्यासाठी उपाशी राहायला तुला कुणी सांगितलं होतं, म्हणाला. मी म्हटलं, तुझ्यासाठी नाही, मला त्या नवीन माणसाची बडबड सोसवत नाही. दोघांनाही ते खोटं आहे हे माहीत होतं, आणि मग विषय संपला.

सरकारी जंगल सगळ्यांना खुलं असतं, म्हणजे तिथे उजाडायच्या आत पन्नास नावा पाण्यात उतरलेल्या असतात. आम्ही माझी जुनी पत्र्याची नाव घेऊन जायचो आणि गर्दी टाळून शेवटचा मैल पाण्यातून चालायचो. थर्मनचे नियम त्याचे त्यानेच केले होते. नावेत बंदूक रिकामी आणि पिशवीत बंद. पाण्यात उतरून झाडाशी पाठ लावल्याखेरीज काडतूस बाहेर काढायचं नाही. झाडाच्या बुंध्यात तो स्क्रूसारखा एक आकडा पिरगळून बसवायचा, बंदूक नळी वर करून त्यात अडकवायचा, दस्ता पायांमध्ये धरायचा आणि मग भरायचा. पाणी मांडीच्या वर, बर्फासारखं. मला तीन काडतुसं भरायला जेवढा वेळ लागायचा त्याच्या चौपट त्याला लागायचा. म्हणून तो माझ्या आधी सुरू करायचा.

डिसेंबरच्या पहिल्या कडक थंडीत बदकं आली. आभाळ निवळलेलं, झाडांच्या शेंड्यांवर ऊन. थर्मन गळ्यातली शिट्टी दातांत धरून बोलावत होता आणि पायाने पाणी ढवळत होता, वरून बघणाऱ्याला बदकं पोहतायत असं वाटावं म्हणून. एक थवा दोनदा घिरट्या घालून फांद्यांमधून खाली आला. त्याने शिट्टी सोडली, हात खोबणीत टेकवला. पहिला बार चुकला. दुसऱ्याला एक हिरवं डोकं सरळ खाली. तिसऱ्याला आणखी एक, लांबवर, झाडांपलीकडे. ते पाण्यातून चालत जाऊन त्याने स्वतः आणलं.

पुढचा थवा वरून फिरत होता तेव्हा त्याची बंदूक अडली. पहिला बार झाला आणि काडतूस आत ढकलणारा ठोकळा अर्ध्यावर थांबला. बदकं खाली, डोक्यावर, पंखांचा वारा लागेल एवढी जवळ. मी माझी बंदूक खाली करून त्याच्याकडे सरकलो आणि हात पुढे केला.

"हात लावू नकोस," तो म्हणाला. हळू आवाजात, पण असा की मी जागीच थांबलो.

त्याने नळी वर ठेवून बंदूक आकड्यात अडकवली. दस्ता गुडघ्यांत घट्ट धरला. ठोकळ्याची दांडी त्याने आधीच मोठी बसवून घेतली होती, ती अंगठ्याने मागे रेटली. हलेना. बोटं गारठून पांढरी पडली होती. त्याने बोटं तोंडात घालून ऊब दिली, परत रेटली. थवा गेला. दुसरा आला, तोही गेला. मी एकही बार टाकला नाही, टाकावासा वाटला नाही. शेवटी ठोकळा मागे आला, वाकडं झालेलं काडतूस पाण्यात पडलं आणि तरंगत राहिलं. थर्मनने आत बोट फिरवून बाहेर काढलं. बोट काळं.

"तीन वेळा जाऊन आलो, एकदाही उघडून पुसली नाही," तो म्हणाला. "तू मला दुकानातच सांगितलं होतंस."

"सांगितलं होतं."

"मग तसं म्हण की."

"सांगितलं होतं तुला, लेका."

तो हसला. हात गेल्यापासून इतक्या मोकळेपणी हसताना मी त्याला पाहिलं नव्हतं. त्या सकाळी मग एकही बदक आलं नाही. त्याची दोन, माझी तीन.

दुपारी त्याच्या अंगणात पिसं काढायला बसलो. बंदूक भरणं, नाव ढकलणं, आकडा पिरगळणं, सगळं त्याने बसवलं होतं. पण बदकाची पिसं उपटायला एका हाताने कातडी ताणावी लागते आणि दुसऱ्याने ओढावं लागतं. त्याने बदक मांड्यांत धरून बघितलं, बुटाखाली धरून बघितलं. कातडी फाटली.  मग बदकाचे पाय माझ्याकडे केले.

"जरा धर," म्हणाला.

मी धरले. त्याने ओढलं. पिसं वाऱ्यावर मेव्हिसच्या वाळत घातलेल्या चादरींवर गेली आणि ती दारात येऊन आम्हा दोघांना नावं ठेवायला लागली. संध्याकाळी तिने भात, कांदा आणि सॉसेज घालून बदकं शिजवली. छातीतला एक छरा माझ्या दाताखाली आला तो मी ताटाच्या कडेला ठेवला.

त्या मोसमात थर्मनने एकूण अकरा बदकं मारली. पूर्वी तो चाळीस मारायचा. दर शिकारीनंतर तो बंदूक टेबलावर उघडायचा आणि दट्ट्या पुसून तेलाचा एकच थेंब द्यायचा. पुन्हा ती अडली नाही. एका बाजूचा खाकी मुलामा आकड्यावर घासून उडाला आणि खालून काळं लोखंड दिसायला लागलं.

जानेवारीच्या तिसऱ्या आठवड्यात रॉयस दुकानात काडतुसं घ्यायला आला. पैसे देऊन झाल्यावरही तो काउंटरशी रेंगाळला.

"ती त्याची बंदूक," त्याने विचारलं, "चालते का?"

"चालते."

"नावेत भरत नाही म्हणे तो. पाण्यात उतरल्यावर भरतो."

"कुणी सांगितलं?"

"दिसतं लोकांना," रॉयस म्हणाला. त्याने पेटी काखेत घेतली, दारापर्यंत गेला आणि तिथून म्हणाला, की मोसमाच्या उरलेल्या नऊ दिवसांत त्याच्या जंगलाच्या पूर्वेकडच्या तुकड्यात कुणी उभं राहणार नाहीये. तिथे नाव लागत नाही, बांधावरून चालत जाता येतं.

मी फोन करून थर्मनला तसंच्या तसं सांगितलं.  मला वाटलं नाही म्हणेल. त्याच्या जागी मी नाहीच म्हटलं असतं.

"पूर्वेकडे पाणी किती आहे?" त्याने विचारलं.

"कमरेच्या खाली."

"मग दोन नंबरच्या पोलादी छऱ्यांच्या दोन पेट्या काढून ठेव," तो म्हणाला. "उद्या दुकान उघडायच्या आधी येतो."